ट्रंकेतले दोन कागद

सकाळपासून या मांडवात उकडून निघालेल्या नांदेड-लातूरच्या माझ्या माणसांनो,

सकाळच्या ग्रंथदिंडीपासून सुरुवात करतो. पालखीत ज्ञानेश्वरी होती, तुकोबांची गाथा होती आणि त्यांच्या खाली भारताचं संविधान होतं. चौकात फोटोवाले ओरडले, संविधान वर घ्या. घेतलं. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. पाहुणे उतरले, कुणीतरी पुढे केलेल्या तबकातलं हळदकुंकू त्यांनी उचललं आणि संविधानाच्या पुठ्ठ्यावर बोटानं ओढलं. नमस्कार झाला, फोटो झाला, गाडी गेली. पालखी मांडवात उतरल्यावर मी ती प्रत मागून घेतली. ही बघा, माझ्यासमोर आहे. कुंकवाचं बोट ‘भारताचे’ या शब्दावरून खाली घसरलंय. मी ते पुसलेलं नाही. आजचं माझं भाषण त्या बोटाबद्दल आहे.

पाहुण्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी मान्य करतो. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरलाही हळदकुंकू लागतं. पण ट्रॅक्टरची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी त्याला शेतात नेतात. संविधानाची पूजा झाली की ते लाल कापडात गुंडाळून कपाटात जातं. आपल्या देशात एखाद्या गोष्टीची कटकट टाळायची असेल तर तिला देव्हाऱ्यात बसवणं हा जुना इलाज आहे.

(माझ्या डोक्यावरच्या या फेट्याबद्दलही सांगतो. भगवा बांधायचा की पिवळा, यावर परवा संयोजकांत दोन तास चर्चा झाली म्हणे. कुणी हिरवा सुचवला, तर त्याला खाली बसवलं. शेवटी सगळे रंग असलेला लहरिया आणला. हा लहरिया नीट बघून ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.)

इथे येण्याआधी मला दोन निरोप आले. एक, साहित्याच्या मंचावर राजकारण नको. दुसरा, बोलायचंच असेल तर सर्वधर्मसमभावावर बोला, ते सगळ्यांना चालतं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ज्या नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी माणसांची गादी संपवून ग्रंथाला गुरूच्या आसनावर बसवलं, त्या नांदेडनं पुस्तकाचा आणि सत्तेचा संबंध नाही असं म्हणावं, हे शोभत नाही. दुसऱ्या निरोपाशी मात्र माझं भांडण आहे आणि ते भांडायलाच मी उभा आहे. सगळ्यांना चालणारा हा सर्वधर्मसमभावच आपल्याला नडला, असं माझं म्हणणं आहे. तो राज्याच्या कामाचा नाही. माणसानं जरूर बाळगावा, सरकारनं बाळगू नये.

आता चमकलात. तर ऐका.

माझ्या आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आमच्या घरी आहे. आजोबा गेले, वडील गेले, ट्रंक राहिली. तिच्या तळाशी उर्दूतले दोन कागद होते. आमच्या घरात उर्दू वाचणारे आजोबा शेवटचे. मी ते कागद एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरले आणि सावकाश वाचून दाखवले. पहिला कागद खिदमतमाश जमिनीचा. गावच्या मारुतीच्या दिवाबत्तीसाठी सरकारनं दिलेल्या इनामाची नक्कल. दुसरा एका अर्जाचा मसुदा, फसली १३४७ चा, म्हणजे आपल्या हिशोबानं १९३७-३८ चा. त्याच मारुतीच्या देवळाची पावसात पडलेली भिंत पुन्हा उभी करायला इजाजत मिळावी, असा अर्ज. तालुक्याच्या कचेरीला लिहिलेला. उत्तराचा कागद ट्रंकेत नाही. भिंत मात्र मी लहानपणी पडकीच पाहिली आहे. खरं सांगायचं तर १९४८ च्या पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य संपल्यावर कुणाची इजाजत लागत नव्हती, तरी ती बांधायला गावानं आणखी पंधरा वर्षं घेतली. तो गावाचा आळस, त्याचं बिल निजामावर फाडता येणार नाही.

पण हे दोन कागद शेजारी ठेवा. देवाच्या दिव्याला तेल देणारंही सरकारच आणि देवाच्या भिंतीसाठी अर्ज करायला लावणारंही सरकारच. निजामाच्या राज्यात यासाठी स्वतंत्र खातं होतं, उमूर-ए-मजहबी. धर्माची कामं बघणारं खातं. देवळांना इनामं आणि अनुदानं होती, मशिदींना होती. हिंदू आणि मुसलमान हे आपले दोन डोळे आहेत, असं सातवे निजाम मीर उस्मान अली खान म्हणत. म्हणजे बोलण्यात समभाव होता, खात्यात समभाव होता. लहरिया फेटा त्यांनाही शोभला असता. नव्हता तो नागरिक. होती ती रयत. राजा उदार असला की देवळाला तेल आणि राजाचा मूड फिरला की भिंतीला मनाई, मिरवणुकीला मनाई, आर्य समाजाच्या हवनकुंडाला मनाई. सभा घ्यायची म्हटली तर ‘गश्ती क्रमांक ५३’ हे सरकारी परिपत्रक आडवं. उदगीरचे वकील भाई श्यामलाल या मनाईविरुद्धच्या लढ्यात १९३८ साली बिदरच्या तुरुंगात गेले आणि तिथून जिवंत बाहेर आले नाहीत.

म्हणून सांगतो. निजामाचं राज्य वाईट होतं ते राजा मुसलमान होता म्हणून, असं जो सांगतो त्यानं मराठवाड्याचा इतिहास अर्धाच वाचलाय. ते वाईट होतं कारण राज्याला धर्म होता. धर्म देणारा हात आणि धर्म अडवणारा हात एकाच मनगटाचे होते.

हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं ते स्वतः भगव्या वस्त्रातले संन्यासी होते. स्वामी रामानंद तीर्थ. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले शिक्षक. नांदेडच्या विद्यापीठाला आपण त्यांचं नाव दिलं आणि त्यांचं म्हणणं विसरलो. १९३८ साली त्यांची हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. कारण काय दिलं? ही जातीय संघटना आहे. स्टेट काँग्रेसची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांना उत्तर देणाऱ्या सरकारची. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह सुरू होता. दोन्ही लढे लोकांच्या नजरेत एक होऊ लागले, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्यानं डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह थांबवला. भरात आलेला लढा! तुरुंगात माणसं बसलेली असताना! का, तर राज्य बदलायचं आहे, राज्याचा धर्म बदलायचा नाही, हे लोकांना स्वच्छ दिसलं पाहिजे. आज कुठल्या पक्षात ही धमक आहे? गर्दी आपल्या बाजूची असताना ‘थांबा’ म्हणणारा एक पुढारी मला या दोन जिल्ह्यांत दाखवा.

आणि या लढ्यात कोण होतं, तेही सांगून टाकतो. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठून मारलं आणि लिहिणारा हात तोडला. साहित्य संमेलनांच्या किती प्रवेशद्वारांना तुम्ही त्यांचं नाव दिलेलं पाहिलंय? मी एकही पाहिलेलं नाही. संपादक होता, लिहिण्यासाठी मेला, मराठवाड्याच्या मुक्तीसाठी मेला. फक्त नाव आडवं आलं.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता, हे आपल्याला तोंडपाठ आहे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ते दरवर्षी सांगितलं जातं. आता लातूरचीच दुसरी गोष्ट सांगतो, जी त्या दिवशी सांगितली जात नाही. पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांची. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं ते बघायला सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीनं सबंध हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत वाईट स्थिती असलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता आणि नांदेड होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. लातूरमध्ये कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले, हजारावर मारले गेले आणि बाकीचे पळाले, अशी नोंद समितीनं केली. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं कपाटात ठेवला.

मांडवात शांतता झाली. मला वाटलंच होतं. रझाकारी म्हटलं की टाळ्या येतात, सुंदरलाल म्हटलं की लोक पाण्याचा पेला शोधतात. रझाकारांनी केलेलं पाप एवढ्यानं कमी होत नाही. माझ्या घरातली माणसंही रझाकारीत रानात झोपली आहेत. पण ज्या राज्याला धर्म असतो ते पडतं तेव्हा त्याच्या धर्माच्या गरीब माणसालाही घेऊन पडतं. अत्तर विकणारा, बांगड्या भरणारा, पिंजारी, यांनी कुठला उमूर-ए-मजहबी चालवला होता?

एक नाव दोनदा आलंय आपल्या इतिहासात. बिलोली तालुक्यात अर्जापूरला १९४६ साली रझाकारांनी मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना मारलं. कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. दुसऱ्या खुनाचा खटला न्यायालयात आहे, त्यात मी पडत नाही. मी फक्त हाराबद्दल बोलतोय. पहिल्या पानसऱ्यांच्या तसबिरीला हार घालायला आपल्या पुढाऱ्यांची रांग लागते. दुसऱ्यांचं नाव काढलं की तेच पुढारी घड्याळ बघतात.

आता नांदेडच्या दारात येतो. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्याचा कारभार १९५६ च्या कायद्यानं चालतो. हैदराबाद राज्याच्या विधिमंडळानं तो केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते राज्यच मोडलं. कायदा मात्र आपल्याबरोबर मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्रात. मंडळ सतरा जणांचं. २०१५ मध्ये कलम ११ मध्ये दुरुस्ती करून अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारनं घेतला आणि सत्ताधारी पक्षाच्याच एका आमदाराला तिथे बसवलं. पुढे प्रशासक आले, कधी निवृत्त पोलीस महासंचालक, कधी निवृत्त सनदी अधिकारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं नवं विधेयक मंजूर केलं. सतरापैकी बारा सदस्य सरकार नेमणार, अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या चार जागांच्या दोन होणार. नांदेडपासून अमृतसरपर्यंत गदारोळ झाला तेव्हा ते विधेयक थांबवलं.

मला सांगा, बारा माणसं नेमून मंत्रालयाला तिथे करायचं काय होतं? हिशोब तपासायचा असेल तर लेखापरीक्षक पाठवा, चोरी झाली असेल तर पोलीस पाठवा. कुठल्याही संस्थेच्या हिशोबात सरकारनं शिरावं, शिरलंच पाहिजे. पण अरदास कुणी करायची, सेवेवर कुणी बसायचं, कारभारी कोण, हे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर ठरत असेल तर उमूर-ए-मजहबी खातं बंद कुठे झालं? पाटी बदलली.

माझे एक शीख मित्र मला म्हणाले, गुरुजी, आमच्यात मिरी आणि पिरी दोन्ही तलवारी एकत्र आहेत, धर्म आणि सत्ता वेगळं करणं आमच्या परंपरेत बसत नाही. मी म्हटलं, मान्य. पण त्या दोन्ही तलवारी गुरू हरगोविंदांनी स्वतःच्या कमरेला बांधल्या होत्या, दिल्लीच्या बादशहाकडून नेमून घेतल्या नव्हत्या. ते हसले. मग म्हणाले, तुमच्या तुळजापूरचं काय?

खरंच, तुळजापूरचं काय? लातूरहून दोन तासांच्या आत आई भवानी. मंदिर संस्थानचे अध्यक्ष पदसिद्ध, जिल्हाधिकारी. कारभाराची नियमावली ‘देऊळ-ए-कवायत’, १९०९ सालची, निजामाच्या काळातली. पुजाऱ्यांचा, पाळीकरांचा, मानाचा वाद निघाला की आजही त्याच नावाचा दाखला निघतो. छत्रपतींची कुलस्वामिनी निजामाच्या नियमावलीखाली, आणि सतरा सप्टेंबरला निजामाच्या नावानं मुठी आवळणाऱ्यांपैकी कुणाच्या डोळ्यांत हे खुपत नाही. खुपेल कसं? ती नियमावली सत्तेला सोयीची आहे. राजा कुणीही असो, देवळाची किल्ली कचेरीत राहते.

म्हणजे सरकारनं काहीच करू नये का? हा प्रश्न येतोच. लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा नांदेड जिल्हा परिषद भरवते. घोडे, गाढवं, बैल, लाखो माणसं. तिथे पाणी, दवाखाना, जनावरांचे डॉक्टर, रस्त्यावरचे दिवे हे सगळं जिल्हा परिषदेचंच काम. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली तेव्हा नांदेडात रस्ते झाले, पूल झाले, विमानतळ सुधारला. त्या रस्त्यावरून आजही सिडकोतली मुलं शाळेत जातात. त्याला माझी हरकत नाही. रस्त्याला चालणाऱ्याचा धर्म कळत नाही. माझी हरकत देवस्वारीपुढे पदाधिकारी म्हणून मिरवण्याला आहे, सरकारी पूजेला आहे. आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाची महापूजा करतात. मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला जावं की. वारकऱ्यासारखं रांगेत उभं राहावं, पायाला फोड यावेत, बुक्का लावून यावं. पण आता रांगेतल्या एका जोडप्याला मान म्हणून आत घेतात आणि बाकीची रांग थांबलेली असते. विठ्ठलाच्या दारात मानाचं आणि बिनमानाचं कोण, हे राज्य ठरवतं. तुकोबांना हे दाखवा आणि मग गाथा पालखीत ठेवा.

एक छोटी गोष्ट. काही वर्षांपूर्वी वारसाच्या फेरफारासाठी मी एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलं भिंतीला सरकवलेली, मध्ये चौरंग, केळीचे खांब, साहेब सोवळ्यात. सत्यनारायण. माझ्याबरोबर बाकावर एक शेख नावाची बाई बसली होती, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हातात घेऊन. तिसरा अध्याय झाला, चौथा झाला. शेवटी शिपायानं सगळ्यांना प्रसाद दिला, तिलाही दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, पदराला बांधला आणि विचारलं, “साहेब कवा उठतील?” शिपाई म्हणाला, “आता काय, उद्या या.” तिचा कुणी अपमान केला नाही. प्रसादही मिळाला. समभाव झाला. काम झालं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये सरकारनंच परिपत्रक काढलं होतं, सरकारी कार्यालयांत देवादिकांचे फोटो आणि धार्मिक कार्यक्रम नकोत म्हणून. दोन-चार दिवस ओरड झाली आणि परिपत्रक मागे घेतलं. ओरडणारे कोण आणि मागे घेणारे कोण, एकाच सरकारातले दोन भागीदार!

मग २०२४ चं वर्ष आलं. सत्ताधाऱ्यांना लोकसभेचा दणका बसलेला, विधानसभा तोंडावर. जुलैमध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना, साठीपुढच्या माणसाला यात्रेसाठी तीस हजारांपर्यंत. सगळ्या धर्मांची तीर्थं यादीत आहेत, लहरिया बरोबर बांधलाय. ३० सप्टेंबरला देशी गाय ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर. आणि ऑक्टोबरात मदरशांतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार. म्हणजे गाईवर मत मागणाऱ्यांनीच मदरशाला पगार वाढवला. कुणाला त्यात उदारपणा दिसेल. मला आजोबांचा पहिला कागद दिसतो, खिदमतमाशचा. दिवाबत्तीचं तेल.

३० सप्टेंबर ही तारीख आपल्याकडे कुणी विसरू शकतं का? १९९३ साली त्याच पहाटे किल्लारी हलली. राज्यमातेचा शासन निर्णय त्या तारखेला निघाला तेव्हा औसा-लोहाऱ्यातल्या गावांत लोक आपल्या मेलेल्यांच्या नावानं मेणबत्त्या लावत होते. योगायोग असेल. पण त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि लातूरच्या आडतीत शेतकरी त्याच्या खाली माल घालत होता, हा योगायोग नव्हता. प्रचारात सोयाबीन किती आलं आणि व्होट जिहाद, धर्मयुद्ध, फतवा किती आले, ते आठवून बघा.

कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३). धर्माच्या नावानं मत मागणं हा भ्रष्टाचार. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं ठरवलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म पुढे करता येणार नाही. त्याआधी १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूळ चौकटीचा भाग मानला. कागद भक्कम आहेत. माझ्या आजोबांकडे निदान अर्ज करण्याइतका विश्वास होता. आपण तर तक्रारही करत नाही, कारण त्या प्रचारसभेत टाळ्या आपणच वाजवलेल्या असतात.

संविधान सभेतली एक गोष्ट मला फार आवडते. १७ ऑक्टोबर १९४९. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी. देवाला मतदानाला टाकू नका, अशी काही सदस्यांनी विनवणी केली. कामत हटले नाहीत. मतदान झालं, बाजूनं ४१, विरोधात ६८. विरोधात हात वर करणाऱ्यांतले कितीतरी जण त्या सकाळी पूजा करूनच आले असतील. घरी देव, सभागृहात नागरिक. एवढं साधं होतं ते.

आता माझ्या मित्रांकडे वळतो, नाहीतर म्हणतील यानं एकाच बाजूला झोडलं. पुरोगाम्यांनो, १९८५ साली शाहबानोला पोटगी मिळाली आणि १९८६ साली संसदेनं मौलवींपुढे मान तुकवली, तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहणारे नांदेडचे नरहर कुरुंदकर होते. पीपल्स कॉलेजच्या वर्गात आणि वर्गाबाहेर गुरुजींनी हा वाद हिंदूंशीही घातला आणि मुसलमानांशीही. आता आपण कुरुंदकरांची व्याख्यानमाला करतो, वाद करत नाही. माझ्या मुसलमान भावांनो, मशिदीतून मत कुणाला द्यायचं हे सांगणारा माणूस तुमचा रक्षक नाही, तो तुमचा दलाल आहे. दलालाला दोन्हीकडून मिळतं. आणि माझ्या लिंगायत बांधवांनो, सप्टेंबर २०१७ मध्ये लातुरात तुमचा एवढा मोठा मोर्चा निघाला. आम्ही वेगळा धर्म आहोत असं तुम्ही म्हणता, ते म्हणण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे. पण त्यावर शिक्का मारायला सरकार कशाला? निलंग्यापासून बसवकल्याण हाकेच्या अंतरावर. चांभार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या मुलांचं लग्न लागलं म्हणून बिज्जळ राजानं त्या दोघांना कसं मारलं, ते तुमच्याच घरात सांगितलं जातं. राजाला धर्माचा न्यायाधीश केलं की काय होतं, हे बसवण्णांच्या माणसांइतकं महाराष्ट्रात कुणाला माहीत असणार?

लेखकांनाही सोडत नाही. आपण सरकारच्या अनुदानावर संमेलन भरवतो. या मांडवाचा खर्चही कुठून आला, ते मला ठाऊक आहे. म्हणून सकाळी ते बोट उमटलं तेव्हा पालखीभोवतीच्या चाळीस लेखकांत कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी प्रत मागून घेतली तीसुद्धा पाहुण्यांची गाडी गेल्यावर.

समारोपात ठराव मांडायचे असतात. सीमाभाग, अभिजात मराठी, ग्रंथालयांचं अनुदान, ते नेहमीचे ठराव सूचक-अनुमोदकांसह तयार आहेत, ते होतील. माझा एक आहे, त्याला अनुमोदक मिळालेला नाही. पुढच्या वर्षीच्या ग्रंथदिंडीत संविधान पालखीत ठेवायचं नाही. कुणीतरी हातात धरून चालावं आणि चौकाचौकात थांबून एक-एक कलम मोठ्यानं वाचावं. पंचविसावं, सव्विसावं, सत्ताविसावं. कुठल्या एका धर्माच्या संवर्धनासाठी कुणावर कर लादता येणार नाही, असं सत्ताविसावं म्हणतं. ते वाचताना प्रमुख पाहुण्यांची गाडी आलीच तर वाचणं थांबवू नये.

ते दोन कागद मी आणलेत. चहाच्या वेळी इथेच टेबलावर ठेवतो, हात धुऊन या, कागद जुने आहेत. दुसऱ्या कागदाच्या तिसऱ्या ओळीत ‘इजाजत’च्या आधी एक शब्द आहे, शाई पसरलेली आहे. उर्दूचे गुरुजी दोनदा थांबले त्यावर, त्यांनाही लागला नाही. तुमच्यात कुणी उर्दू वाचणारं असेल तर तेवढा शब्द मला सांगा.